झाड त्यांचं, सावली आमची

मुद्देकाकांना एक बाक हवा होता. हो, बाकच. लाकडी असो, लोखंडी असो, सिमेंटचा असो. दोन म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसतील एवढा लांब, बस्स. त्यांना काही सत्ता नको होती, खुर्ची नको होती. खुर्च्या पुढे नशिबी भरपूर आल्या, पण ते सांगेनच.

मुद्देकाका हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कचेरीत ते मोठे साहेब होते, निवृत्तीला आले होते, आणि कुठेही चार माणसं जमली की घसा साफ करून म्हणायचे, "माझा मुद्दा असा आहे." मुद्दा नेमका कसा आहे ते आजवर कुणालाही कळलेलं नाही, कारण त्यांनी पुढचा श्वास घेईपर्यंत दुसरं कोणीतरी बोलायला लागलेलं असे. बिचाऱ्यांचे किती मुद्दे असे पोटातच राहिले असतील, देव जाणे. पण गल्लीने नाव मात्र देऊन टाकलं होतं.

तर बाक. बाक हवा होता आईसाठी. रस्ता लांबलचक, नाकासमोर सरळ. या टोकाला काकांचं घर आणि त्या टोकाला काकांच्या मावशीचं. आई रोज दुपारनंतर काठी टेकत निघायची, मधोमध एक मोठं झाड होतं, त्याच्याखालच्या बुटक्या कठड्यावर बसायची, गुडघ्यांशी दोन शब्द बोलायची आणि पुढे जायची. मग पाण्याची नवी पाइपलाइन आली. रस्ता खणला, पाइप घातला, रस्ता बुजवला आणि कठडा तेवढा परत बांधायचा राहिला. झालं! मध्ये टेकायला जागा नाही म्हणून आईचं जाणं बंद पडलं. मावशी तर तिच्याहूनही थोरली, तिचं येणं आधीच बंद होतं. दोघी बहिणी आता फोनवर बोलत. दोघींनाही कमी ऐकू येत असल्यामुळे बोलणं इतक्या वरच्या पट्टीत चाले, की मावशीच्या पोटात गॅस धरलाय हे रस्त्यावरच्या प्रत्येक घराला रोजच्या रोज समजत होतं.

"आई, मी गाडीने सोडतो ना तुला," काका म्हणाले.

"मला सोडायचं नसतं रे," आई म्हणाली, "मला जायचं असतं."

काकांना यातला फरक काही कळला नाही. पण त्या दिवसापासून आई खिडकीपाशी बसून राहायला लागली, जेवताना दोनच घास खायला लागली, आणि एकदा नुसतीच म्हणाली, "आता ती गेली की मला फोनवरच कळेल बहुतेक." काकांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांनी ताटावरून उठत जाहीर केलं, "मी बघतो."

"तुम्ही बघता," बायको म्हणाली, "म्हणजे आता आमच्याकडे सगळं गाव बघणार."

बायका असं का बोलतात कुणास ठाऊक. आणि नेमकं खरंच का ठरतं, तेही कुणास ठाऊक.

नगरपालिकेत काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. उद्यान विभागातल्या माणसाने विचारलं, "झाड बागेत आहे का?"

"नाही, रस्त्यावर."

"मग झाड आमचं, पण बाक आमचा नाही. रस्ते विभागाला विचारा."

रस्ते विभागातला माणूस फार समजूतदार होता. त्याने काकांना बसवलं, पंखा लावला आणि सांगितलं, "साहेब, रस्त्यावर ठेवलेली वस्तू म्हणजे अडथळा. अडथळे हटवायचं काम आमच्याकडे आहे. ठेवायचं नाही."

तिसऱ्या खिडकीवरच्या बाईंनी तर थेट उपायच सुचवला. "तिथे बस थांबते का? नाही? मग आधी बस थांबवून घ्या. स्टॉप झाला की बाक आपोआप येतो."

काकांनी घसा साफ केला. "माझा मुद्दा असा आहे..."

"तुमच्या नगरसेवकाला का नाही सांगत?" बाई म्हणाल्या. "कोण आहे तुमचा?"

आता इथे जरा थांबायला हवं. मुद्देकाका म्हणजे साधा माणूस नव्हे. लांबलांबच्या देशांतला अध्यक्ष कसा निवडतात, कुणाला किती मतं लागतात, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. जेवणाच्या सुट्टीत कचेरीतले लोक त्यांना परराष्ट्र धोरण विचारतात. आणि त्या माणसाला स्वतःच्या वॉर्डाचा नगरसेवक आठवेना!

"ते... ते हे हो... जाड मिशांचे..."

"ते वारले," बाई म्हणाल्या.

"अरेरे! कधी?"

"मागच्या निवडणुकीच्याही मागच्या निवडणुकीआधी."

रांगेत मागे उभे असलेले लोक हसले. काका कानापर्यंत लाल झाले आणि तसेच घरी परतले. वाटेत औषधाचं दुकान. दुकानदार औषधवाले हे त्यांचे जुने शेजारी आणि गल्लीचे सल्लागार; त्यांच्याकडे औषध घ्यायला गेलं की सल्ला फुकट आणि तो बहुधा औषधाहून कडू. काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "अहो, आपला नगरसेवक कोण?"

औषधवाले आधी हसले, मग काउंटरला धरून हसले, मग डोळे पुसत म्हणाले, "काखेत कळसा नि गावाला वळसा! तुमच्या या पँटीची उंची कुणी कमी केली?"

"त्या शिवणवाल्या ताईंनी."

"त्याच तर!"

शिवणवाल्या ताईंचं दुकान काकांच्या घराच्या अगदी खाली. दारावर पाटी होती, "कपडे लहान-मोठे करून मिळतील," आणि तिच्याखाली दुसरी पाटी, "नगरसेविका". काकांनी ती पाटी जाता-येता वाचलेली होती. त्यांना वाटलं होतं, दुकानाचं नाव असेल.

ताई मशीनवर बसल्या होत्या, गळ्यात मोजायची टेप. "या काका. बाही लांब वाटते का?"

"नाही, बाही ठीक आहे. तुम्ही... म्हणजे, तुम्हीच का त्या?"

"वर्ष होत आलं निवडून येऊन," ताई हसल्या. "मागच्या आठवड्यात तुम्ही इथेच उभं राहून म्हणालात ना, नगरसेवक म्हणजे फिती कापण्यापलीकडे कामाचे नाहीत. मी तेव्हा तुमची कंबर मोजत होते, म्हणून काही बोलले नाही."

धरणीमाय पोटात घेत नाही म्हणजे काय ते काकांना तेव्हा कळलं. तरी त्यांनी नेटाने बाकाचं सांगितलं. ताईंनी मशीन थांबवून सगळं ऐकलं. आईचं आणि मावशीचं ऐकताना तर त्यांनी कात्रीसुद्धा खाली ठेवली.

"काका, बाक मी असाच आणून ठेवला तर उद्या दुसरं कोणी म्हणेल मला झोपाळा द्या. आम्हा नगरसेवकांचं प्रशिक्षण झालं ना, त्यात सांगितलं, आपण वाटप करणारे नव्हे. लोकांनी वॉर्डसभेत ठरवायचं आणि आपण ते लावून धरायचं."

"आणि लावून कसं धरायचं?"

"ते दुपारच्या सत्रात होतं," ताई जरा ओशाळल्या. "तेव्हा वीज गेली."

वॉर्डसभा हा प्रकार कायद्यात होता, पण तो कुणी कधी पाहिला नव्हता. तरी ताई उत्साही. गळ्यातली टेप घेऊन त्या जागा बघायला निघाल्या, मागे काका, काकांच्या मागे औषधवाले. झाडाशी पोचल्यावर ताईंनी मोबाइलवर वॉर्डाचा नकाशा उघडला आणि त्यांचा चेहराच पडला. वॉर्डाची हद्द रस्ता आडवा कापत नेमकी झाडापाशी जात होती.

"काका, झाड त्यांचं आहे."

"कुणाचं?"

"पलीकडच्या वॉर्डाचं. पण सावली दुपारनंतर आपल्यात पडते."

"सावलीला वॉर्ड असतो?" काकांनी विचारलं. त्यांना खरोखरच समजत नव्हतं.

"नसतो. पण बाक खोडाला लागून ठेवला तर त्यांच्यात जातो, आणि सावलीत ठेवला तर आपल्यात. आणि आपल्यात सावलीच्या जागी खाली ती नवी पाइपलाइन आहे. तिथे पाय गाडायला पाणी विभागाची परवानगी लागणार."

औषधवाले म्हणाले, "सोपं आहे. झाड कापा."

पलीकडच्या वॉर्डाचे नगरसेवक म्हणजे जुनं खोड. कितीतरी वर्षं निवडून येत होते. कुणी काहीही मागितलं तरी त्यांचं एकच उत्तर, "होऊन जाईल." लोक त्यांना "होऊन जाईल साहेब" असंच म्हणत. ताईंना विचारायच्या आत औषधवाल्यांच्या सल्ल्याने काका परभारे त्यांच्याकडे गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

साहेबांनी पाठीवर थाप मारली. "आईंचं मत कुठल्या वॉर्डात?"

"ताईंच्या वॉर्डात. पण मावशीचं तुमच्यात."

"मग अर्ध्या आई आमच्याच! बाक ना? होऊन जाईल."

आणि खरंच झालं हो! दुसऱ्याच दिवशी सकाळी झाडाखाली बाक उभा. काकांना आनंदाने काय करावं सुचेना. साधा सरळ मार्ग सोडून ते उगाच इतके दिवस खिडक्या पालथ्या घालत होते! कचेरीत जायला निघाले होते, अंगात पांढरा शुभ्र शर्ट. आईला बसवण्याआधी उंची बरोबर आहे का, पाठ टेकते का, हे पाहावं म्हणून ते बसले, छान रेलले, पाय लांब करून एक-दोनदा पाठ घासूनही पाहिली. उत्तम बाक. मग ते कचेरीत गेले.

"रंग ओला आहे" ही पाटी बाकाखाली पालथी पडली होती.

बाकावर रंगवलेलं साहेबांचं संपूर्ण नाव काकांच्या पाठीवर, ठळक, निळ्या रंगात. उलटं उमटलं होतं, पण ते नाव गावात इतक्या भिंतींवर होतं की उलटं काय नि सुलटं काय, सगळ्यांना वाचता येत होतं. काका दिवसभर कचेरीत अशा पाठीने फिरले. आज लोक आपल्याकडे बघून आदराने बाजूला का होतायत, हे त्यांना समजेना. शिपाई तर हळूच म्हणाला, "साहेब, पक्षप्रवेश केला वाटतं? आमच्या पोराच्या शाळेचं बघा जरा."

संध्याकाळी ते ताईंच्या दुकानावरून गेले. ताई दारातच उभ्या होत्या. काही न बोलता त्यांनी पाठमोऱ्या काकांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "काका, त्यांचं नाव पाठीवर घेऊन फिरायचं होतं तर मला आधी सांगायचं. मी शिवून दिलं असतं, टिकलं तरी असतं."

घरी बायकोने शर्ट काढून दाखवला तेव्हा काकांना दिवसभराच्या आदराचा उलगडा झाला.

"मी सांगितलं नव्हतं," बायको म्हणाली, "सगळं गाव बघणार म्हणून?"

इतक्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण दुपारनंतर सावली कुठे पडते ते बाक मांडणाऱ्या मजुरांना ठाऊक होतं. त्यांनी थोडा तिकडे सरकवून बाक ठेवला आणि त्याचे दोन पाय ताईंच्या वॉर्डात आले. आपल्या वॉर्डात दुसऱ्याच्या नावाचे पाय! ताईंच्या वॉर्डातल्या लोकांनी ताईंना धारेवर धरलं, त्यांनी नगरपालिकेला कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आई जोडा घालून काठी शोधत होती तेवढ्यात रस्ते विभागाची गाडी आली आणि वाद मिटेपर्यंत म्हणून बाक उचलून घेऊन गेली. आईने दारातून ते पाहिलं. जोडा काढला आणि परत खिडकीपाशी जाऊन बसली.

काका पुन्हा नगरपालिकेत गेले. रस्ते विभागाचे साहेब मीटिंगमध्ये होते. "बसा तिकडे," शिपाई म्हणाला. काका व्हरांड्यात बसले. बराच वेळ बसले. पाठ छान टेकत होती. मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण कशावर बसलोय. बाक तोच. निळं नाव तेच. या खेपेला रंग वाळलेला होता एवढाच काय तो फरक. आईसाठी मागितलेल्या बाकावर ते स्वतः बसले होते, बाक कधी मिळेल ते विचारायला. त्यांना हसावं की रडावं कळेना. म्हणून ते आधी थोडं हसले, आणि मग नाक पुसत राहिले.

परतताना ते सरळ ताईंच्या दुकानात शिरले. "ताई, चुकलं माझं. मला यातलं काही म्हणजे काहीच समजत नाही. आई जेवत नाही हो माझी."

ताईंनी त्यांना पाणी दिलं. "मला तरी कुठे सगळं समजतं? पण एक करू. दोन्ही वॉर्डांची मिळून सभा घेऊ. तिथेच, झाडाखाली. होऊन जाईल साहेबांनाही बोलावू. सगळ्यांसमोर ठरू दे."

नगरपालिकेतले मोठे अधिकारी हे ऐकून गोंधळले. "संयुक्त सभा? अशी कधी झाली नाही."

"मनाई आहे का?" ताईंनी विचारलं.

"मनाई करायला तरी ती आधी कधी व्हायला हवी ना," अधिकारी म्हणाले आणि विचारात पडले. ते विचारात आहेत तोवर ताईंनी सभेची वेळ लावूनही टाकली.

सभेला बसायची सोय नव्हती. बसायची सोय नाही म्हणूनच तर सभा होती. तेव्हा ज्याने त्याने आपापली खुर्ची आणायची असं ठरलं. रविवारी दुपारनंतर रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून माणसं डोक्यावर खुर्च्या घेऊन चालत यायला लागली. जेवणाच्या टेबलाच्या, प्लास्टिकच्या, एक तर चाकांची, जिला उतारावर आवरता आवरता औषधवाल्यांच्या नाकी नऊ आले. काकांनी रात्रंदिवस घोकून भाषण तयार केलं होतं. ते स्वतःची खुर्ची घेऊन निघाले तर मागून आई म्हणाली, "माझीही घे."

"तू कशाला येतेस आई, ऊन आहे, बडबड असेल नुसती."

"बाक कुणासाठी मागतोयस?" आई म्हणाली. काकांनी तिचीही खुर्ची उचलली.

एका हातात स्वतःची खुर्ची, दुसऱ्या हातात आईची, अशी वरात निघाली. झाडापर्यंत आई चालली. काकांनी खुर्ची मांडली, आई बसली. आणि पलीकडून, होऊन जाईल साहेबांच्या एका कार्यकर्त्याने खुर्ची धरलेली आणि त्याच्या दंडाला धरून एकेक पाऊल टाकत, मावशी! साहेबांनी गर्दी दिसावी म्हणून आपल्या वॉर्डातल्या झाडून सगळ्या मतदारांना आणलं होतं, त्यात तीही आली. मध्ये टेकायला खुर्ची बरोबरच होती ना.

ताईंनी शिवणाच्या खडूने रस्त्यावर हद्दीची रेघ मारली होती. आईची खुर्ची रेघेच्या अलीकडे, मावशीची पलीकडे, मध्ये एक वीतभर अंतर. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"वाळलीस गं," मावशी म्हणाली.

"तुझे गॅस कसे आहेत?" आई म्हणाली.

आणि मग जे सुरू झालं ते काही थांबेना. फोनवर बोलण्याची सवय लागलेली, त्यामुळे आवाज तोच. ताईंनी सभा सुरू केली तरी त्या चालू, साहेब उभे राहिले तरी त्या चालू. साहेब म्हणाले, "बंधुभगिनींनो," तर मावशी म्हणाली, "तो धाकटा अजून तसाच आहे, कामाचा ना धामाचा." लोकांना वाटलं साहेबांबद्दलच. टाळ्या पडल्या.

बाकाचं काय झालं म्हणता? सांगतो. एक म्हणाला बाकाला पाठ हवी. दुसरा म्हणाला पाठ असली की रिकामटेकडे पसरतात. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या बाकाचं तोंड पलीकडे हवं, अलीकडे केलं तर बसणारे थेट त्यांच्या दवाखान्यात बघतील आणि घाबरतील. कोणी म्हणालं, बाकाचं राहू द्या, गटार तुंबलंय त्याचं काय? कोणी म्हणालं, पाइपलाइन घातली, पण नळाला पाणी येतंय कुणाकडे? एक ना धड भाराभर चिंध्या. काका उभे राहिले. घसा साफ केला. "माझा मुद्दा असा आहे..."

"पाइपलाइनचं आधी बोला!" मागून कोणीतरी ओरडलं आणि काका बसले.

अंधार पडायला आला तरी काहीच ठरलं नाही. ताईंनी सभा तहकूब केली, पुढच्या रविवारी उरलेलं. लोक खुर्च्या घेऊन उठले. काकांनी आईची खुर्ची उचलली तर आई म्हणाली, "राहू दे. उद्या परत यायचंय."

"आणि माझीही," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रस्ते विभागाची गाडी हजर. रस्त्यावर दोन खुर्च्या, म्हणजे अडथळा. त्या खुर्च्यांवर दोन म्हाताऱ्या, हा कुठला प्रकार ते त्या लोकांना समजेना. त्यांनी काकांना बोलावलं, काकांनी तोंडाला फेस येईस्तोवर समजावलं, उपयोग शून्य. एवढ्यात ताई टेप गळ्यात तशीच घेऊन धावत आल्या.

"या खुर्च्या सभेच्या आहेत," ताई म्हणाल्या.

"सभा तर काल झाली."

"झाली नाही, तहकूब आहे. म्हणजे चालूच आहे. चालू सभेतून माणूस उठवता येतो का, तुमच्या मोठ्या अधिकाऱ्यांना विचारून या."

मोठ्या अधिकाऱ्यांना विचारलं. ते परत विचारात पडले. गाडी रिकामी गेली.

त्या दिवसापासून आई आणि मावशी ही दोन्ही वॉर्डांची चालू सभा झाली. रोज दुपारनंतर दोघी आपापल्या टोकांनी निघायच्या. मध्ये टेकायला लागायचंच नाही, कारण अर्ध्या वाटेवर पोचल्यावर पोचणंच व्हायचं. काकांच्या ध्यानात तेव्हा आलं की दोघींनी अर्धं अर्धं चालावं हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नव्हतं. आई पुन्हा भाकरी मागून घ्यायला लागली. येणारे-जाणारे लोक थांबायचे. "आजी, सभा चालू आहे का? मग तेवढं गटाराचं घ्या हं." रविवारी ताई आणि साहेब दोघांनाही येणं भागच पडे, कारण न आलं तर मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या वॉर्डाचा गैरहजर आहे."

एका रविवारी गटाराबद्दल विचारल्यावर साहेब सवयीने म्हणाले, "होऊन जाईल."

"ते कळलं," मावशी म्हणाली. "कधी?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि वार सांगितला. त्या वाराला गटार मोकळं झालं. गल्लीने तोंडात बोटं घातली, आणि सगळ्यांत जास्त साहेबांनी स्वतः.

आणि असं होता होता एका रविवारी बाकही ठरला. तोच व्हरांड्यातला बाक, नाव खरवडून काढलेला, दोन पाय या वॉर्डात, दोन त्या वॉर्डात, पाठ असलेला, तोंड दवाखान्याच्या उलट दिशेला वळवलेला. पाइपलाइनवर पाय गाडायचे नाहीत म्हणून नुसताच ठेवलेला. गाडी बाक घेऊन आली, माणसांनी तो झाडाखाली मांडला. काकांनी आधी रंग बोटाने तपासला, दोनदा. मग आईला आणि मावशीला धरून बसवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचे डोळे भरून आले. त्यांनी घसा साफ केला, आज तरी बोलायचं म्हणून, पण तोवर दुसरंच कोणीतरी बोलायला लागलं होतं.

मोठे अधिकारी स्वतः आले होते. ते सुटकेचा श्वास टाकून म्हणाले, "चला, विषय मिटला. मग सभा संपली असं धरायचं ना?"

लोक उठायला लागले, खुर्च्या उचलायला लागले. काकांनीही दोन्ही खुर्च्या हातात घेतल्या.

"माझा मुद्दा असा आहे," आई म्हणाली.

सगळे जिथल्या तिथे थांबले. काका तर दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन पुतळ्यासारखे उभे. हे वाक्य त्यांच्याच घरातलं, पण या वाक्यानंतर इतकी शांतता त्यांनी आयुष्यात कधी ऐकली नव्हती.

"बाक झाला, चांगलं झालं," आई म्हणाली. "पण बाक झाला म्हणून सभा संपते कशी? कठडा तोडला तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. पाइप कुठून न्यायचा तेही कुणी विचारलं नव्हतं. या झाडाखाली येऊन बसले तेव्हापासून लोक मला विचारतात, आजी, तुमचं काय म्हणणं. मला ते आवडतं. घरी मला कुणी विचारत नाही, गाडीने सोडतो म्हणतात."

मावशी म्हणाली, "आणि पाणी अजून सकाळीच जातंय."

अधिकाऱ्यांनी ताईंकडे बघितलं, ताईंनी साहेबांकडे. साहेबांनी तोंड उघडलं, "होऊन..." आणि मावशीची नजर पडताच ते गप्प बसले, खुर्ची ओढून बसले. ताईही बसल्या. औषधवाल्यांनी चाकांची खुर्ची उतारावरून परत आणली. एकेक करून सगळे बसले. उभे राहिले ते फक्त काका, दोन हातांत दोन खुर्च्या, ठेवाव्यात की न्याव्यात काही समजेना.

आईने बाकावर जरा सरकून जागा केली.

"ठेव त्या खाली," ती म्हणाली, "आणि बस इथे. सभा चालू आहे."